दोन हजार तीनशे नावं

घरी त्याला लहानपणापासून तात्या म्हणत. शाळेत असतानाही तो जेवायला बसला की आधी ताटभर नजर फिरवायचा, विचार करायचा आणि मगच काय हवं ते सांगायचा. "हा जन्माला आला तोच पेन्शनीत," असं वडील म्हणायचे. वडील फिटर होते. त्यांनी अडतीस वर्षं एकाच कारखान्यात मशीन उघडली आणि बंद केली. मुलगा काय काम करतो हे त्यांना कधी पटलं नाही.

तात्या कारखान्यांत कॉम्प्युटरची प्रणाली बसवायचा. माल किती आला, किती गेला, कुठल्या फळीवर काय आहे, हे सगळं एका पडद्यावर दिसेल अशी व्यवस्था करायची आणि लोकांना ती वापरायला शिकवायची.

"म्हणजे तू नेमकं उचलतोस काय?" वडील विचारायचे.

"काही उचलत नाही, बाबा."

"मग दमतोस कशाने?"

बेचाळिसाव्या वर्षी तात्याला कंपनीने परदेशी पाठवलं. पुठ्ठ्याची खोकी बनवणारा जुना कारखाना होता. तिथे सगळे इटालियन बोलत. ऑफिसातल्या लोकांशी इंग्रजीवर भागायचं, म्हणून ती कामं आधी पोहोचलेल्या सहकाऱ्यांनी वाटून घेतली होती. तात्याच्या वाट्याला स्टोअर आलं. कारण स्टोअर कुणालाच नको होतं.

स्टोअर म्हणजे तळमजल्यावरची लांबट खोली. छतापर्यंत लोखंडी मांडण्या, मधे एक माणूस अंग चोरून जाईल एवढीच वाट, आणि पुढे एक खिडकी. मशीनचे सुटे भाग, दोन हजार तीनशे प्रकारचे. खिडकीमागे सकाळच्या पाळीला एक बाई आणि संध्याकाळच्या पाळीला एक चष्मेवाला. बाई साडेसत्तावन्न वर्षांच्या होत्या, त्यातली एकतीस त्या खिडकीमागे गेली होती. बांधा बुटका, दंड सुताराचे. इंग्रजीचा एक शब्द त्यांना येत नव्हता आणि येत नाही याचं काही वाटतही नव्हतं.

पहिल्या दिवशी तात्या दुभाष्याला घेऊन गेला. दुभाष्या पाच मिनिटं बोलला. बाईंनी ऐकून घेतलं आणि दोन वाक्यं म्हटली.

"काय म्हणाल्या?" तात्याने विचारलं.

दुभाष्या जरा घुटमळला. "म्हणतात, ह्या माणसाला माझ्याकडून काही हवं असेल तर त्याने स्वतः मागावं. तोंड दिलंय ना देवाने."

तात्याला राग आला नाही. त्याला अपराध्यासारखं वाटलं, आणि त्याला कारण होतं. ह्या कामाचा आराखडा आठ महिन्यांपूर्वी त्यानेच तयार केला होता, मायदेशी, आपल्या टेबलावर बसून. तेव्हा स्टोअर म्हणजे कागदावर दोन चौकोन होते. प्रणाली लागू झाल्यावर तिथे दोनऐवजी एक माणूस पुरेल, अशी एक ओळ त्याने त्यात घातली होती. कारखान्याच्या ऑफिसने ती लगेच उचलून धरली. चष्मेवाल्याला कॉम्प्युटर येत होता, तेव्हा जायचं कोणी हे उघड होतं. बाईंना अजून कोणी सांगितलं नव्हतं. प्रणाली चालू झाली की कारखानाप्रमुख सांगणार होते. तोवर तात्याने तोंड उघडायचं नव्हतं.

तो इटालियन शिकू लागला. आठवड्यातून तीन संध्याकाळी शिकवणी. शिक्षिका हॉटेलात खोली कशी मागायची, डॉक्टरला पोटात कुठे दुखतं ते कसं सांगायचं, असं शिकवायची. तात्या मन लावून शिकला. खोलीवर आरशासमोर उभा राहून मोठ्याने बोलला. महिन्याभरात जिभेला घट्टे पडले, पण स्टोअरात त्यातलं काही कामाला येईना. तिथे कोणी खोली मागत नव्हतं, कोणाचं पोटही दुखत नव्हतं.

मग त्याने शिकवणीची वही कपाटात टाकली आणि नवी घेतली. रोज खिडकीपाशी जायचं, एका वस्तूकडे बोट दाखवायचं, बाई सांगतील तो शब्द लिहून घ्यायचा आणि तीनदा म्हणायचा. चुकला तर बाई मान हलवायच्या. बरोबर आला तर काहीच करायच्या नाहीत. रविवारी घरी फोन झाला की बायको तो वडिलांच्या कानाला लावायची. त्यांना व्हिडिओ नको होता, फक्त ऐकायचं होतं.

"नटाला काय म्हणतात तिकडे?"

"दादो."

"दादो?" वडील म्हणाले. "मग बोल्टाला काय, वहिनी?"

बायको मागून म्हणाली, "आठवडाभर हेच ऐकावं लागणार आता आम्हाला."

तीन महिन्यांनी तात्या दुभाष्याशिवाय जाऊ लागला. मोडकंतोडकं बोलायचा, पण थांबायचा नाही. बाईंचीही त्याच्याशी बोलायची सवय वाढली. त्या प्रत्येकाला नाव ठेवत, तसं त्यालाही ठेवलं. वही. "वही आली," म्हणायच्या.

चाचणीचा पहिला दिवस उजाडला. यादी ऑफिसने खरेदीच्या कागदांवरून दिलेली होती आणि तात्याने ती जशीच्या तशी प्रणालीत चढवली होती. खिडकीवर कॉम्प्युटरचा पडदा बसवला, बाईंना समोर बसवलं. मॅनेजर मागे उभा राहिला. हा मॅनेजर तात्याच्याच कंपनीचा, त्याच्याच गावाकडचा, त्याच्याहून सहा वर्षांनी लहान आणि घाईचा.

एक फिटर आला. हात तेलकट, तोंडात आगपेटीची काडी. म्हणाला, "एक रडकी द्या. तीन नंबरची."

बाईंनी एका बोटाने पडद्यावर शोधलं. काही नाही. फिटर म्हणाला, "बरं, आधी दोन जावा द्या." तेही नाही. दुसरा आला, त्याला बोडका हवा होता. बोडकाही नव्हता.

रडकी म्हणजे तेल गळायला लागलं की बदलतात ती रबरी कडी. दोन जावा म्हणजे दिसायला अगदी सारख्या दोन स्प्रिंगा, एकीच्या जागी दुसरी घातली की मशीन भांडतं. बोडका म्हणजे डोकं नसलेला बोल्ट. एकतीस वर्षांत बाईंनी आणि फिटरांनी मिळून प्रत्येक भागाचं बारसं केलं होतं. खरेदीच्या कागदावर त्याच कडीचं नाव तीन आकडे आणि चार अक्षरं असं होतं, ते आख्ख्या कारखान्यात फक्त खरेदीच्या कारकुनाला माहीत होतं. खिडकीपुढे रांग लागली. वीस मिनिटांनी बाई उठल्या, मांडणीत शिरल्या आणि अर्ध्या मिनिटात रडकी आणून फिटरच्या हातावर ठेवली. पडद्याकडे त्यांनी पाहिलंसुद्धा नाही.

फिटर जाता जाता तात्याला म्हणाला, "तुमचं यंत्र छान आहे. आम्ही काय मागतो तेवढं त्याला शिकवा."

बाहेर येऊन मॅनेजर म्हणाला, "तात्या, हे काय झालं?"

"माझी चूक. यादी कागदावरची घेतली. स्टोअरातली घ्यायला हवी होती."

"मग घ्या."

"प्रत्येक भागापुढे आणखी एक नाव घालावं लागेल. इथलं. आणि तो कुठल्या मशीनला, कुठे बसतो, नसला तर त्याच्या जागी काय चालतं, तेही. ते कुठे लिहिलेलं नाही. बाईंच्या डोक्यात आहे. चष्मेवालाही अडला की त्यांनाच फोन करतो."

"घाला. पण पुढच्या चाचणीची तारीख हलणार नाही. आठ आठवडे आहेत."

भाग मशीनवर कुठे बसतो ते बघायचं तर मशीन बंद हवं. मशीन बंद असायची ती फक्त पहाटे, पाळी सुरू व्हायच्या आधीचा दीड तास. तात्याने बाईंना विचारलं. बाईंनी त्याच्याकडे खालून वर पाहिलं. "तू येणार? त्या वेळेला?"

"येईन."

"बघू."

तो साडेचारला उठू लागला. खोलीपासून कारखाना चालत पंचवीस मिनिटं. बाई त्याच्या आधी हजर असायच्या. कामाची एक रीत पडली. बाई शिडीवर चढून डबा काढणार, तात्या खाली झेलणार. भाग हातात घ्यायचा, वजन बघायचं. मग दोघांनी मशीनपाशी जायचं, झाकण उघडायचं, तो जिथे बसतो तिथे बोट लावायचं. मगच नाव. नुसतं सांगितलेलं नाव बाई लिहू द्यायच्या नाहीत. "बोट लावलंस? मग लिही." एका नावाला वीस मिनिटं. दीड तासात चार, फार तर पाच.

पहिल्या आठवड्यात तात्याची कंबर धरली. दुसऱ्या आठवड्यात नखांत गेलेलं काळं निघेना. तिसऱ्या आठवड्यात तो डबा बघून वजन ओळखू लागला. त्याने फोनवर हे सांगितलं. वडील म्हणाले, "नखाला साबण लागत नाही. आधी साखर चोळ."

काम करताना बाई बोलायच्या. त्यांचा नवरा नव्हता, बहिणीबरोबर राहायच्या. बहीण दिवसभर खिडकीत बसून रस्त्यावरच्या लोकांच्या चुका काढते, म्हणायच्या. पेन्शनला अडीच वर्षं राहिली होती. ती झाली की पहिला महिना फक्त झोपायचं, कोणी दार वाजवलं तरी उठायचं नाही, असं त्यांनी ठरवलं होतं. तात्या मान डोलवायचा. एकेक नाव वहीत उतरत होतं तसतशा बाई कारखान्याला नकोशा होत चालल्या होत्या, आणि ते त्याच्याच हातून होत होतं.

एकशे चौतिसावं नाव झालं त्या दिवशी बाईंनी डबा परत ठेवला नाही. शिडीच्या खालच्या पायरीवर बसल्या आणि म्हणाल्या, "वही, एक सांग. हे सगळं त्या पडद्यात गेलं की मी कुठे जायचं?"

'मला समजलं नाही' हे तात्याने इटालियनमध्ये शिकलेलं पहिलं वाक्य होतं. त्याने ते शेकडो वेळा वापरलं होतं आणि प्रत्येक वेळी लोकांनी त्याला सोडून दिलं होतं. आताही चाललं असतं. बाईंनी पुन्हा विचारलं नसतं.

तो म्हणाला, "आराखड्यात इथे एकच माणूस आहे."

"चष्मेवाला."

"नाव लिहिलेलं नाही. पण हो."

"आराखडा कोणी लिहिला?"

"मी."

"कधी?"

"घरी असताना. आठ महिन्यांपूर्वी... नाही, आता वर्ष होऊन गेलं."

"तेव्हा तुला रडकी माहीत होती?"

"नाही."

बाई उठल्या. डबा घेऊन शिडीवर चढल्या, जागेवर ठेवला, खाली उतरल्या, हात पुसले. "आज एवढंच," म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी पहाटे तात्या गेला. बाई होत्या, पण शिडी मांडणीला टेकवलेली नव्हती. "नावं संपली," त्या म्हणाल्या. तिसऱ्या दिवशीही तेच. चौथ्या दिवशी तो नुसताच जाऊन उभा राहिला. बाईंनी त्याला केरसुणी दिली. त्याने केर काढला आणि परत आला.

रविवारी फोनवर त्याने वडिलांना सगळं सांगितलं. आराखडा, ओळ, एकशे चौतीस नावं.

वडील म्हणाले, "आमचा स्टोअरवाला गेला तेव्हा तू आठवीत होतास. एका शुक्रवारी त्याला घरी बसवला. चावी नव्या माणसाला दिली. नुसती चावी, बरं का. पुढे सहा महिने आम्ही डबे उलटेपालटे करत होतो. दोन मशीन तशीच उभी होती. साहेब म्हणायचे, कामचोर झालात."

"मग मी काय करू?"

"मला काय विचारतोस? माणूस काढायचं काम मी कधी केलं नाही." मग आवाज खाली आणून म्हणाले, "किती राहिलं ते मोजलंस?"

"भाग दोन हजार एकशे सहासष्ट."

"भाग नव्हे. श्रम. ते मोज. ते कोणी मोजत नाही, म्हणून तर तुझ्यासारख्यांचं फावतं."

तात्याला ते लागलं. त्याने वही काढली आणि गेल्या तीस पहाटांचा हिशेब मांडला. रोजची सरासरी साडेचार नावं. मशीन बंद असतात तेवढाच वेळ, त्यात वाढ होणं शक्य नाही. राहिलेल्या नावांना चारशे एक्याऐंशी दिवस. वर्षाचे कामाचे दिवस सव्वादोनशे धरले, तर दोन वर्षं आणि वर दीड महिना. त्याने तीनदा तपासलं. आराखड्यात ह्या कामाला शून्य दिवस दिलेले होते.

मॅनेजरने हिशेबाचा कागद वाचला आणि हसला. "तात्या, पेन्शनपर्यंत बरोबर बसवलंत की तुम्ही."

"बरोबर नाही बसत. साडेचार महिने कमी पडतात."

"मग तेवढे वाढवून का नाही लिहिले? कोण तपासणार होतं?"

"मी."

मॅनेजरने डोळे चोळले. "तुम्ही त्यांना आधीच सांगून टाकलंत, हो ना? आराखड्याचं."

"त्यांनी विचारलं."

"वरून मला झापतील."

"माझं नाव सांगा."

"ते सांगणारच आहे." त्याने कागद घडी करून खिशात ठेवला. "चाचणीला प्रमुखांना खिडकीवर आणतो. दुभाष्या मिळणार नाही. बोलायचं तुम्हालाच."

दुसऱ्या चाचणीला कारखानाप्रमुख आले. हातात घड्याळ. बाई पडद्यासमोर बसल्या. त्यांनी तात्याकडे पाहिलं नाही. फिटरांना नेहमीसारखं मागायला सांगितलं होतं. रडकी मागितली. नाव टाकलं, फळी दिसली, दीड मिनिटात रडकी बाहेर. दोन जावा, दोन मिनिटं. मग एकाने मागितली कुबडी. कुबडीचं नाव घ्यायचं राहिलेलं होतं. पडदा कोरा.

बाई हाताची घडी घालून बसून राहिल्या. उठल्या नाहीत. प्रमुख घड्याळ बघत होते. पाच मिनिटं. दहा. रांगेतला मागचा माणूस भिंतीला टेकला. अठराव्या मिनिटाला प्रमुख म्हणाले, "बाई, तुम्हाला माहीत आहे ना कुठे आहे?"

"मला माहीत आहे. पण चाचणी माझी नाही, पडद्याची आहे."

प्रमुख तात्याकडे वळले. तात्याने तोंड उघडलं. त्याने हे बोलणं आठवडाभर पाठ केलं होतं आणि पहिल्या वाक्यालाच ते कोसळलं. शब्द मागेपुढे झाले. तो थांबला आणि मग साधंच बोलू लागला, स्टोअरात बोलायचा तसं. "एकशे चौतीस भाग आत आहेत. दोन हजार एकशे सहासष्ट बाहेर आहेत. बाहेरचे बाईंकडे आहेत. एका भागाला वीस मिनिटं, मशीन बंद असताना. मी करून पाहिलंय. दोन वर्षं आणि दीड महिना लागेल. दुसऱ्या कोणाला येणार नाही. मी एक माणूस कमी लिहिलं ते चुकीचं लिहिलं. मी तेव्हा हे स्टोअर पाहिलं नव्हतं."

प्रमुखांनी मॅनेजरकडून कागद घेतला. आकड्यांवर नखाने खुणा करत खाली गेले. "ही वीस मिनिटं कोणी मोजली?"

"मी. तीस दिवस."

"आणि तुम्ही इथे किती दिवस आहात आता?"

"महिनाभर."

"मग पडद्यात कोण घालणार? बाईंना तर ते जमायचं नाही."

बाई पहिल्यांदा मधे बोलल्या. "असं कोण म्हणालं? मला कोणी शिकवलंय का?"

प्रमुखांनी एकदा रांगेकडे पाहिलं. "दोन वर्षं देतो," ते म्हणाले. "त्यापुढचं त्यापुढे. नावं बाईंनी स्वतः घालायची. महिनाभरात जमलं नाही तर हा कागद मी पाहिला नाही असं समजा." ते निघून गेले. बाई उठल्या, आत गेल्या, कुबडी आणून त्या माणसाला दिली.

तात्या म्हणाला, "म्हणजे पेन्शनला अजून सहा महिने कमी पडतात."

"मला वजाबाकी येते," बाई म्हणाल्या. "त्या सहांचं मी बघते. उद्या वेळेवर ये."

उरलेल्या महिन्यात पहाटेचं काम उलटलं. आता तात्या शिडीवर आणि बाई पडद्यासमोर. बाईंचं बोट जाड. एक अक्षर दाबलं की तीन उमटायची. त्या पुसायच्या, पुन्हा दाबायच्या. पहिल्या दिवशी एक नाव झालं. दुसऱ्या दिवशी एकही नाही. तात्याचा हात आपोआप पुढे गेला तशी बाईंनी त्यावर चापट मारली. "मी तुझ्या तोंडात शब्द कोंबले होते का? उभा राहा गप." दुसरा आठवडा संपता संपता दोन होऊ लागली, तिसऱ्यात तीन. साडेचार एकदाही झाली नाहीत. तात्याने रोजचा आकडा लिहून ठेवला आणि प्रमुखांना तसाच नेऊन दिला, एकही न वाढवता. प्रमुखांनी तो पाहून फक्त विचारलं, "वाढतोय ना?"

"वाढतोय."

"मग चालू द्या."

जायच्या दिवशीही तो पहाटे गेला. बाई आधीच बसलेल्या होत्या. शेजारी एक दातेरी चाक. त्यांनी त्याच्याकडे न बघताच ते पुढे सरकवलं. तात्या ते घेऊन सात नंबरच्या मशीनपाशी गेला, झाकण उघडलं, जागा शोधली, बोट लावलं आणि तिथूनच ओरडून सांगितलं की लावलं. स्टोअरातून कळ दाबल्याचा आवाज आला. मग पुसल्याचा. मग पुन्हा एकेक कळ, सावकाश. तो झाकण हातात धरून उभा राहिला, बाई पुढचा भाग घे म्हणेपर्यंत.